शाबासकी नेमकी कशाला?

मंडळी, पिंपळे गुरवात बोलताना कारखान्याची उदाहरणं मुद्दाम शोधावी लागत नाहीत. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण भोसरी-चाकणच्या शिफ्टला जाऊन आले असतील. म्हणून ‘प्रबलन’ हा मानसशास्त्रातला शब्द आज आपण लाइनवर नेऊन तपासू.

स्किनरचं म्हणणं साधं आहे. कृतीनंतर हवंसं काही मिळालं, तर ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. उंदराने कळ दाबली, खाणं मिळालं, की तो पुन्हा दाबतो. याची दुसरी बाजू मात्र आपण विसरतो. नकोसं काही टळलं, तरीही कृती बळावते.

आता 1 एप्रिल 2020 आठवा. देशाने बीएस-5 वगळून बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर उडी घेतली. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत किती काय बदललं! अशा वेळी पंधरा वर्षं मुरलेला ऑपरेटरही नवखा होतो. समजा, त्याच्याकडून एका बोल्टला टॉर्क कमी पडला. सांगितलं तर सुपरवायझर सगळ्यांदेखत झापणार, गप्प बसलं तर बोलणी टळणार. एकदा टळली, की गप्प बसणं पक्कं झालं. त्यात महिनाअखेर ‘शून्य रिजेक्शन’चं बक्षीस ठेवलं, म्हणजे दडवायला आणखी बळ. (फोटो मात्र नोटीस बोर्डावर छान दिसतो!)

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर दोरी असते. शंका आली की कामगार ती ओढतो, टीम लीडर येतो. अडचण वेळेत सुटली नाही, तर लाइन थांबते. शाबासकी द्यायची ती ही दोरी ओढल्याबद्दल, आणि तिथल्या तिथे: “गाडी पुढे जायच्या आत सांगितलंस, बरं केलंस. चल, बघू.” रिवर्क अर्थात त्यानेच करायचं, ते सुटत नाही. दिवाळीच्या भेटीबरोबर केलेलं कौतुक कशाबद्दल आहे, हे कुणालाच कळत नाही.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे एक शंका छळते. शाबासकीसाठी कबूल केलेली चूक, ती जबाबदारी कसली? कांट तिला नैतिक मोल देणार नाही. ॲरिस्टॉटल म्हणेल, न्यायाची कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो. आम्ही ॲरिस्टॉटलच्या बाजूचे, पण एका अटीवर. नव्या कामाचं ट्रेनिंग दोन तासांत गुंडाळलं असेल, तर ते गुंडाळणाऱ्या साहेबानेही लाइनवर येऊन तसं कबूल करायला हवं. तो बोल्ट एकट्या ऑपरेटरचा नसतो, आणि हे त्याला चांगलं माहीत असतं.

आता प्रश्न असतील तर घेऊ.