नदीकाठी लपवलेला डबा

सुट्टीत मुलांना सहलीला धाडायला पैसा कुठला, असा प्रश्न कष्टकरी आईबापांना पडतो. त्यांना आम्ही एक बिनखर्ची खेळ सुचवतो.

इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल येथे बाटली ठेवली. तिथवर चालत आलेले लोक तीत आपले नावाचे कार्ड टाकीत. पुढे पेटी, वही व रबरी शिक्का आला. पेटी सापडली की तिचा शिक्का आपल्या वहीत, आपला तिच्या वहीत उमटवायचा.

खुटबाव परिसरातल्या मुलांनी मुळा-मुठेच्या काठाने हे करावे. जुना डबा, खोडरबर कोरून केलेला शिक्का, खुणांची चिठ्ठी एवढे पुरे. डबा पाण्यापासून दूर ठेवावा. ढोलीत, दगडाखाली हात घालू नये. विंचू-सापाचे भय असते. सोबत मोठे माणूस हवेच. चिठ्ठी मात्र मुलींनाही वाचू द्या, त्यांनाही पुढे चालू द्या.