इंजिनाचे तेल

धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले आहे. बैलगाड्यांच्या काळात गाडीवान लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी गाडीच्या आसाला वंगण घालीत असे. वंगण नसेल, तर चाक करकरते, आस तापतो आणि दोन्ही झिजतात. आज त्याच रस्त्याने मोटारी धावतात. वाहन बदलले, पण वंगणाची गरज संपली नाही. उलट ती वाढली.

मोटारीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो. धातूवर धातू असा घासू लागला, तर इंजिन थोड्याच वेळात निकामी होईल. तेलाचा पातळ थर दोहोंच्या मध्ये राहून हे घर्षण कमी करतो. तेच तेल उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा कीस आपल्या पोटात घेते. स्पोर्ट्स कारचे इंजिन तर फारच वेगाने फिरते. म्हणून तिच्या तेलावर ताणही अधिक पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या मोटारींत एरंडेल वापरीत असत. ‘कॅस्ट्रॉल’ हे प्रसिद्ध नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले आहे.

इतरांचा मळ वाहता वाहता तेल स्वतः मळते. उष्णतेने त्याचे गुण कमी होतात. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि रस्त्यावर धूळही उडते. म्हणून मोटारीच्या माहितीपुस्तकात सांगितलेले अंतर किंवा मुदत, यांपैकी जे आधी पुरे होईल, तेव्हा तेल बदलावे.

हे काम जाणत्या माणसाला घरच्या अंगणातही करता येते. मोटार सपाट जागी उभी करून इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे, म्हणजे तेल कोमट व पातळ होते. मग ते बंद करावे. स्पोर्ट्स कार जमिनीला फार जवळ असते. तिच्याखाली हात घालण्यासाठी ती उचलावी लागते. पण केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही, केव्हाही शिरू नये. तिला भक्कम आधार द्यावा आणि चाकांना अडसर लावावा. नंतर तळाखाली पसरट भांडे ठेवून पान्याने बोल्ट सैल करावा. काळे तेल भांड्यात निथळते. ते निथळले की बोल्ट पुन्हा घट्ट बसवावा आणि तेलाची गाळणीही बदलावी. त्यानंतर नसराळ्याने नवे तेल ओतावे. ते नेमके मापाचे हवे. कमी पडले, तर इंजिन झिजते. अधिक झाले, तर ते घुसळून त्याला फेस येतो. शेवटी इंजिन क्षणभर चालवून बंद करावे आणि थोड्या वेळाने मोजपट्टीवर तेलाची पातळी पाहावी.

येथे मोटारीचे काम संपते, पण माणसाचे संपत नाही. भांड्यातील काळ्या तेलाचे काय करावे? ते नाल्यात ओतणे सोपे आहे. परंतु शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करण्यात आले. पावसाचे पाणी तेथे अडते, जमिनीत मुरते आणि विहिरींना पोचते. ज्या वाटेने पाणी मुरते, त्याच वाटेने विषही मुरते. म्हणून वापरलेले तेल झाकणाच्या डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. असे तेल मळलेले असले, तरी वाया गेलेले नसते. कारखान्यात शुद्ध केले, की ते पुन्हा वंगण म्हणून उपयोगी पडते.

इंजिनाची निगा राखावी, हे खरेच. पण ती राखताना गावाच्या विहिरीचे पाणी बिघडू देऊ नये.