‘ही मुलगीच आहे ना?’

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याला एकेकीच्या घरी असते. मागच्या वेळी हप्त्यांचा हिशेब चालला होता, तेवढ्यात त्या घरची लेक फुटबॉल खेळून आली. बारीक कापलेले केस, गुडघ्यापर्यंत चिखल, आवाज जरा घोगरा. ती आत गेली आणि आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, ‘‘काय गं, ही मुलगीच आहे ना?’’ सगळ्या हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तिच्या आईचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

घरी आल्यावर ते हसणं मला बोचत राहिलं. माझा मुलगा फुटबॉलवेडा. त्याच्यामुळे मला बार्ब्रा बांडा हे नाव माहीत झालं होतं. मैत्रिणींनो, हाच प्रश्न जगाने तिलाही विचारलाय.

बार्ब्रा झांबियाची. आफ्रिकेच्या दक्षिण भागातला, तांब्याच्या खाणींचा हा देश. म्हणून तिथल्या महिला संघाला ‘कॉपर क्वीन्स’, म्हणजे तांब्याच्या राण्या, म्हणतात. बार्ब्राचा जन्म २० मार्च २००० चा. लहानपणी ती मुलांमध्येच फुटबॉल खेळायची. काही काळ तिनं बॉक्सिंगही केलं. वयाच्या चौदाव्या वर्षी, २०१४ मध्ये, १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ती देशाकडून खेळली. २०१८ मध्ये स्पेनमधल्या क्लबकडून खेळायला गेली, तिथून पुढे चीनमध्ये शांघायला. आपल्याकडे मुलीला तालुक्याला पाठवायचं तर आपण चार वेळा विचार करतो!

टोकियो ऑलिम्पिक कोरोनामुळे २०२१ मध्ये झालं. झांबियाच्या मुली तिथं पहिल्यांदाच आल्या होत्या. जागतिक क्रमवारीत त्या शंभराच्याही खाली. पहिल्याच सामन्यात नेदरलँड्सनं त्यांना १०-३ असं हरवलं. पण ते तिन्ही गोल कर्णधार बार्ब्राचे होते. तीनच दिवसांनी चीनशी ४-४ अशी बरोबरी झाली, त्यातही तिचे तीन गोल. ऑलिम्पिकच्या महिला फुटबॉलमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत तीन-तीन गोल आधी कुणीच केले नव्हते.

आता वाटेल, पुढं सगळं सुरळीत झालं असेल. तसं नाही झालं. २०२२ मध्ये मोरोक्कोत आफ्रिकी देशांची महिलांची मोठी स्पर्धा होती. ऐन वेळी झांबियाच्या फुटबॉल संघटनेनं जाहीर केलं, की आफ्रिकी महासंघाच्या निकषांत बार्ब्रा बसत नाही. कारण काय, तर शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रमाण. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, देशाची कर्णधार असलेली बार्ब्रा त्या स्पर्धेला मुकली. तिच्याशिवाय खेळून संघानं तिसरा क्रमांक मिळवला आणि विश्वचषकाचं तिकीटही.

हे संप्रेरक पुरुषांमध्ये जास्त असतं, पण ते बाईच्या शरीरातही असतंच, कुणात कमी तर कुणात जास्त. आपल्या ओळखीत पीसीओडी असलेल्या किती मुली आहेत! त्यांच्यातही हे प्रमाण बऱ्याचदा वाढतं, हनुवटीवर केस येतात. म्हणून त्या मुली नाहीत असं आपण म्हणतो का? खेळात सगळ्यांना समान संधी हवी, हे मान्य. नियम कसे असावेत यावर जाणकारांत वाद आहेत, ते त्यांनी सोडवावेत. पण नियम वेगळा आणि चारचौघांत मुलीच्या बाईपणावर बोट ठेवणं वेगळं. आपल्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजननं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीचं रौप्यपदक मिळवलं आणि अशाच चाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं.

बार्ब्रा थांबली नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे नियम वेगळे असल्यानं २०२३ च्या विश्वचषकात ती खेळली. कोस्टा रिकाविरुद्ध पेनल्टीवर तिनं मारलेला गोल महिला विश्वचषकाच्या इतिहासातला हजारावा गोल ठरला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या संघानं ७ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे साधारण सहा कोटी रुपये, मोजून तिला घेतलं. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिनं पुन्हा तीन गोल केले. सामना मात्र झांबियानं ५-६ असा गमावला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम सामन्यात ऑर्लँडो १-० नं जिंकलं. तो एकमेव गोल तिचाच! त्यानंतर बीबीसीनं तिला वर्षातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू निवडलं. तरी तिच्यावरची टीका थांबली नाही. पुढे २०२५ मध्ये मैदानातल्या एका प्रेक्षकानंही तिला नको ते ऐकवलं. पण त्याच वर्षी, जी स्पर्धा तिला नाकारली गेली होती त्याच आफ्रिकी स्पर्धेत, मोरोक्कोतच, ती पुन्हा झांबियाकडून उतरली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीकडे गेले. म्हणाले, ‘‘काल मी हसायला नको होतं गं.’’ ती म्हणाली, ‘‘वहिनी, मी तिचं खेळणंच बंद करणार होते. उद्या स्थळं बघताना लोक काय म्हणतील, हीच भीती.’’ मग तिला आणि लेकीला समोर बसवून बार्ब्राची ही गोष्ट सांगितली. लेक मन लावून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, ‘‘काकू, तिचे गोल दाखवा ना.’’

मुलाच्या मोबाइलवर आम्ही तिघींनी ते पाहिले. खेळणं अजून चालू आहे. पुढची बैठक माझ्याकडे आहे, त्या काकूही येणारच. हिशेब झाला की त्यांनाही ते गोल दाखवीन म्हणते.