किड्यांचा लाल रंग

मेक्सिको देशात वाहाका नावाचे शहर आहे. तिथून सुमारे ३० किलोमीटरवर तेओतित्लान देल वाये हे विणकरांचे गाव आहे. तिथले लोक झापोटेक. ते लोकरीचे गालिचे विणतात. पाहुणे आले की घरातला माग दाखवतात.

आधी लोकर पिंजायची, मग सूत कातायचं, रंगवायचं आणि शेवटी विणायचं. मेंढ्या आणि पायाने चालवायचा माग स्पॅनिश लोकांनी १६ व्या शतकात तिकडे नेला. त्याआधी कमरेला बांधायचा माग होता. त्यावर सुती कापड विणत.

निळा रंग निळीच्या झाडापासून करतात. लाल रंगाची तर गंमतच आहे! निवडुंगावर कोचिनील नावाचे बारीक किडे असतात. ते वाळवून दगडी पाट्यावर वाटतात. एक किलो वाळलेल्या किड्यांत सुमारे दीड लाख किडे भरतात! त्या रंगात लिंबू पिळलं की नारिंगी होतो, खायचा सोडा टाकला की जांभळा.

मोठा गालिचा विणायला कित्येक महिने लागतात. काही स्वस्त गालिचे रासायनिक रंगाचेही असतात. म्हणून मित्रांनो, तिथे जाणाऱ्याने आधी काम बघावं, रंग कशाचा ते विचारावं, मग किंमत. विणणाऱ्याच्या घरूनच घेतला तर पैसे त्याच्याच हातात पडतात. एवढे कष्ट बघितल्यावर भाव पाडून मागायला कुणाची जीभ रेटेल?