आराखडा नवा, गणित जुने!

भंडारा जिल्ह्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडच्या कारखान्यात वाहनांचे गिअरबॉक्स तयार होतात. गिअरचा दाता लोखंडात उतरण्यापूर्वी संगणकावर दोन रूपांत असतो. एक आराखडा, दुसरे ताणाचे गणित. गणितासाठी आराखड्याचे हजारो लहान तुकडे पाडतात, बिनमहत्त्वाची भोके गाळतात. म्हणजे ती वेगळीच प्रत झाली. पुढे आराखड्यात दात्याच्या मुळाची गोलाई कमी केली, पण ती खबर या प्रतीपर्यंत गेली नाही, तर गणित जुन्याच दात्याला उत्तीर्ण करते. आणि वाकवणाऱ्या भाराखाली दाता तुटतो, तो बहुधा मुळाशीच!

आकार, धातू, भार व आवृत्ती यांची माहिती एकत्र नेणारे ‘आयएसओ १०३०३-२०९’ हे मानक २००१ मध्ये आले. तरीही नव्या आवृत्तीवर गणित पुन्हा झाले काय, हे मंजुरीची सही करणाऱ्यालाच पाहावे लागते.