टॉनिकची बाटली घेताय? आधी लेबल वाचा!

‘फार गळून गेल्यासारखं वाटतंय, एखादं टॉनिक द्या की!’ सोलापुरातल्या औषधाच्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा गरज खरी आहे. पण बाटली आपल्या घरच्या खाण्याच्या नियमांत बसते का, हेही पाहायला हवं.

शाकाहारी असाल तर : कॅप्सूलचं वेष्टन बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. म्हणून अनेकजणी पातळ औषध मागतात. पण तिथंही ‘डी-३’ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. ते नको असेल तर ‘डी-२’ किंवा दगडफुलाच्या वर्गातल्या लायकेनपासून केलेलं ‘डी-३’ मिळतं का, ते विचारा. ‘बी-१२’ जिवाणूंच्या मदतीनं तयार होतं, त्यामुळे त्याची चिंता नको. मात्र ते भाकरी आणि शेंगाचटणीतून मिळत नाही. थोडंफार मिळतं ते दूध-दह्यातून. शाकाहारी पूरक आहाराच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर तो असेलच असं नाही. अशा वेळी दुकानदाराला स्पष्ट विचारा.

शुगर असेल तर : बरीच सिरपं साखरेच्या पाकात केलेली असतात. ‘शुगर फ्री’ घ्या. पण त्यातल्या सॉर्बिटॉलमुळे काहींना जुलाब होतात. काही टॉनिकांत अल्कोहोलही असतं, तेही लेबलवर पाहा. मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील, तर ‘बी-१२’ची तपासणी करून घ्या.

उपवास, रोजे असतील तर : सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन भगिनींनी दिवसाच्या जेवणाबरोबर आणि रोजे करणाऱ्यांनी इफ्तारनंतर घ्यावं. लोहाचं टॉनिक चहाबरोबर नको. तासाभराचं अंतर ठेवा. लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते लोहामुळे होतं.

आता एक महत्त्वाचं. हातापायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल, तर नुसतं फॉलिक अ‍ॅसिडचं टॉनिक घेऊन बसू नका. त्यानं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण ‘बी-१२’ची उणीव तशीच राहिली तर नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. तसंच ‘डी’ची ६०,००० युनिटची छोटी बाटली सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर अपाय होतो. घरातला चहाचा चमचाही मापाला वापरू नका; बाटलीबरोबर येणारं माप वापरा.

आणि हो, एकीला लागू पडलेली बाटली शेजारणीला, नणंदेला देऊ नका. आधी रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना आपले खाण्याचे नियम सांगा आणि मगच टॉनिक ठरवा.