गाजराची गोडी आणि तिचा वारसा

बाजारांत गाजर निवडतांना डोळा रंग पाहतो. गोडीचा निवाडा मात्र घरीं जिभेवर होतो. हे दोन्ही गुण एका पिढींतून दुसरींत कसे उतरतात, हें समजल्यावांचून चांगलें बी निपजवितां येत नाहीं.

प्रथम रंग घेऊं. रानगाजराचें मूळ पांढरें, बारीक व काष्ठमय असतें. त्याचा नारिंगी गाजराशीं संकर केला तर पहिल्या पिढींत मुळें पांढरट निघतात. कारण पांढरेपणा प्रभावी आहे. नारिंगी रंगासाठीं दोन मुख्य जनुकें आईबापांकडून अप्रभावी रूपांतच यावीं लागतात. म्हणून दुसऱ्या पिढींत सोळांत सरासरी एकच झाड खरें नारिंगी होतें. मात्र अशा दोन झाडांच्या संततींत पांढरेपणा पुन्हां डोकावत नाहीं.

गोडीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. साखर कोणत्या जातीची सांठावी, हें एकच जनुक ठरवितें, असें अमेरिकेंतील फ्रीमन व सायमन यांनीं १९८३ सालीं दाखविलें. प्रभावी रूप असतां ग्लुकोज व फ्रुक्टोज सांठतात. दोन्हीकडून अप्रभावी रूप आल्यास उसांतली साखर, म्हणजे सुक्रोज, सांठते. पण एकूण साखर किती, हें अनेक जनुकें आणि जमीन व हवा मिळून ठरवितात. तेथें असा सरळ हिशेब चालत नाहीं. शिवाय साखर भरपूर असूनहि टर्पिन नांवाचीं उग्र वासाचीं द्रव्यें वाढलीं तर गोडी झांकली जाते.

येथेंच बी करणाराची खरी परीक्षा आहे. गाजराच्या फुलांवर कीटक येतात. युरोप व उत्तर अमेरिकेंत रानगाजर बांधाबांधांवर उगवतें; त्याचे परागकण सहज शेतांत येतात. असें बी विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास पेरतांना कांहींच कळत नाहीं. काढणीस पांढरीं, चिवट मुळें हातीं लागतात आणि हंगाम वायां जातो. परंतु पांढरें मूळ निदान दिसतें व उपटून टाकतां येतें. गमावलेली गोडी दिसत नाहीं. म्हणून जाणता पैदासकार मुळाचा खालचा तुकडा कापून चाखतो व गोड ठरलेल्या मुळाचा वरचा भाग बियांसाठीं पुन्हां लावतो. रंग राखण्यास डोळा पुरे होतो. गोडी राखण्यास मात्र दर पिढीला जीभच साक्षीस बोलवावी लागते.